ऑक्सिमीटर ९८ दाखवत होता

ऐरोलीला आमच्या मजल्यावर समोरच्या घरात वहिनींच्या मुलाला ताप आला, तो २०२३ चा पावसाळा होता. गणपती होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्याच रात्री ताप १०३ वर गेला. डोळ्यांच्या मागे ठणका आणि अंग असं मोडून आलेलं की कूस बदलायची ताकद नाही. वहिनींनी जराही वेळ घालवला नाही. मुलाला आतल्या खोलीत ठेवलं, ताट-वाटी वेगळी केली, स्वतः मास्क लावला. जेवण दाराशी ठेवून हाक मारायच्या. हवा खेळती राहावी म्हणून खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. दर चार तासांनी बोटाला ऑक्सिमीटर. ९८, ९७, पुन्हा ९८. आकडा वहीत लिहायच्या, वेळेसकट.

हे सगळं त्या कुठे शिकल्या ते मला माहीत होतं. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचा धाकटा भाऊ कोविडने गेला. बेडसाठी फोन करण्यात दीड दिवस गेला आणि तेवढ्या वेळात ऑक्सिमीटरवरचा आकडा ९१ वरून ७४ वर उतरताना त्यांनी पाहिला. तेव्हापासून घरात कुणालाही ताप आला की त्यांचा हात आधी त्या निळ्या डबीकडे जातो.

पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "ताई, सुटलो बघा. तापही गेला आणि ऑक्सिजन ९८." दुपारी त्या कामावर गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा मुलगा पोट धरून बसला होता. दोनदा उलटी झाली होती, हातपाय थंडगार, सकाळपासून लघवी एकदाच. एका जागी स्थिर बसवत नव्हतं त्याला. मी तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं आहे. तिसऱ्या दिवशीचा सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद मी मागून घेतला. प्लेटलेट १,४०,०००, पीसीव्ही ४१. रात्री हॉस्पिटलमध्ये पुन्हा रक्त घेतलं तेव्हा प्लेटलेट ३८,०००. सगळे त्या आकड्याकडे बघून घाबरले. मला धडकी भरली ती त्याच्या खालच्या ओळीची. पीसीव्ही ५० झाला होता.

पीसीव्ही म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, याचा आकडा. आमटीतलं पाणी आटलं की डाळ तेवढीच राहूनही आमटी घट्ट होते, तसंच इथे होतं. मुलाला डेंग्यू झाला होता. डेंग्यूत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात, रक्तातला पाण्याचा भाग पोटात आणि छातीत झिरपतो आणि मागे उरलेलं रक्त दाट होतं. वाहिन्यांमधलं पाणी कमी झालं की रक्तदाब घसरतो, हातपाय थंड पडतात, लघवी कमी होते. यातली फसवी गोष्ट अशी की हे पाझरणं बहुधा ताप चढलेला असताना होत नाही. ताप उतरायला लागला की पुढचे २४ ते ४८ तास धोक्याचे असतात. पोटात सतत दुखणं, उलट्या थांबेनाशा होणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, सुस्ती किंवा भलतीच तगमग, यांतलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. वेळेवर, मोजून सलाईन मिळालं तर बहुतेक रुग्ण यातून बाहेर येतात. हा मुलगाही आला. भरती झाल्यावर चौथ्या दिवशी घरी परतला.

आता त्या पाच दिवसांकडे पुन्हा बघा. ऑक्सिमीटर खरंच ९८ दाखवत होता, कारण फुप्फुसं ठीक होती. डेंग्यू हवेतून पसरत नाही, त्यामुळे आई आणि मुलाच्या मधला मास्क काहीच अडवत नव्हता. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो. आजाराच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. तेव्हा चावलेला डास साधारण आठ-दहा दिवसांनी घरातल्या दुसऱ्या कुणाला तो देऊ शकतो. म्हणजे त्या मुलाला गरज होती दिवसा मच्छरदाणीची, आणि जाळी नसलेल्या दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. टीव्हीशेजारी काचेच्या बाटलीत मनीप्लांट होता. पाणी स्वच्छ, स्थिर, एडिसला हवं तसं.

वहिनींनी निष्काळजीपणा केला असं कुणी म्हणू नये. इतकी काळजी घेणारी बाई मी पाहिलेली नाही. त्यांनी प्रत्येक गोष्ट बरोबर केली, फक्त ती दुसऱ्या आजारासाठी बरोबर होती.

आपलं सगळ्यांचंच असं होतं. ॲमॉस टव्हर्स्की आणि डॅनिएल कानमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की जी गोष्ट चटकन आठवते ती घडण्याची शक्यता आपल्याला जास्त वाटते. मन आकडेवारी काढत बसत नाही, जवळची आठवण पुढे करतं. त्या आठवणीला घरातल्या मरणाची धार असेल तर दुसरं काही डोळ्यांपुढे येतच नाही. म्हणून साथ येऊन गेलेली माणसं पुढच्या साथीत जास्त सावध असतात, पण जुन्याच दिशेला बघत असतात.

ही सावधगिरी वाया जाते असं मात्र नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई आणि आसपास लेप्टोचे रुग्ण वाढले. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून, भेगेतून शरीरात शिरतात. त्याआधी हा शब्द लॅबच्या बाहेर फारसा कुणाला ठाऊक नव्हता. आज ठाण्यातल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. गुडघाभर पाण्यातून चालत आलात तर पाय साबणाने धुवा, जखम असेल तर डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घ्या, पुढच्या काही दिवसांत ताप आला तर पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगा. ही आठवण कामाला येते, कारण दर पावसाळ्यात आजार त्याच वाटेने येतो. मला वाटतं सगळा प्रश्न या वाटेचाच आहे. जुन्या साथीची वाट आणि नव्या साथीची वाट एक असेल तर अनुभवाइतका चांगला गुरू नाही. वाट बदलली की तोच अनुभव चकवा होतो.

आपल्या भागात ही आठवण किती जुनी असू शकते हे बघायचं तर प्लेगकडे जावं लागतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला. त्यानंतरच्या महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. गावोगावी लोकांनी अनुभवातून एक खूण ओळखली होती: घरात उंदीर पडले की साथ येते. मग माणसं घर सोडून माळावर, शेतात झोपड्या बांधून राहायची. गंमत वाटेल, पण लोकांचं हे शहाणपण विज्ञानाच्या पुढे होतं. प्लेग उंदरावरच्या पिसवांमधून माणसाकडे येतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगातून दाखवलं. उंदीर मेला की त्याच्या पिसवा दुसरं अंग शोधतात. घर सोडणारा माणूस पिसवांपासून लांब जात होता, त्याला कारण माहीत नसलं तरी.

सरकारला मात्र त्या वेळी वाटत होतं की रोग घाणीत आणि माणसांत आहे. म्हणून घरांत शिरून झडत्या, माणसांना उचलून छावणीत नेणं, सामानाची जाळपोळ. पुण्यात त्याचा शेवट २२ जून १८९७ ला रँडच्या खुनात झाला, तो भाग आपण शाळेत वाचलेला आहे. शाळेत जे कमी सांगतात ते असं की या जबरदस्तीमुळे लोक रुग्ण लपवू लागले. गाठीच्या प्लेगचा रुग्ण सहसा दुसऱ्याला थेट रोग देत नाही, त्यामुळे छावणीत नेऊन मिळालं थोडं आणि लोकांचा विश्वास मात्र गेला.

त्याच वर्षी केलेला साथरोग कायदा फक्त चार कलमांचा होता. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू केला गेला तो हाच, १२३ वर्षांपूर्वीचा. हातावर शिक्के मारले गेले, आणि आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांनी ताप लपवला. "गाडी येईल आणि घेऊन जाईल" हे वाक्य मी तेव्हा रोज ऐकत होते. कुणीही १८९७ पाहिलेलं नव्हतं. तरी भीतीचा साचा तोच होता, कारण उपायाचा साचा तोच होता.

मधे १९९४ येऊन गेलं. सप्टेंबरात आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात, मग सुरतेत प्लेग निघाल्याच्या बातम्या आल्या. सुरतेतून लोक मिळेल त्या गाडीने निघाले. मी तेव्हा लॅबमध्ये नवी होते. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून संपल्या होत्या आणि माणसं तोंडाला रुमाल बांधून लोकलमध्ये उभी होती. पुस्तकात तर लिहिलेलं होतं की प्लेग वेळेवर दिलेल्या स्वस्त प्रतिजैविकाने बरा होतो. पण घराघरातल्या आज्यांच्या गोष्टींतला प्लेग प्रतिजैविकांच्या आधीचा होता आणि माणसं त्या गोष्टींतल्या प्लेगला भिऊन पळत होती. सुरतेत सगळं मिळून साठेक माणसंही दगावली नाहीत. पुढच्या वर्षी तिथे आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी त्या आठवणीचं जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी भीती विसरली जायच्या आत शहराचा कचरा रोज उचलायची शिस्त बसवली.

२०२० मध्ये सोसायटीच्या गेटवर वॉचमन मनगटाला थर्मामीटरची बंदूक लावायचा, आठवतंय? ती कल्पना २००३ च्या सार्स या श्वसनाच्या साथीकडून आली होती. सार्सचे ८,००० च्या वर रुग्ण झाले, ७७४ माणसं गेली, आणि काही महिन्यांत साथ आटोक्यात आली. त्याचं एक मोठं कारण असं की सार्सचा रुग्ण आजारी पडल्यानंतर संसर्गजन्य व्हायचा, आणि दुसऱ्या आठवड्यात सर्वांत जास्त. ताप असलेला माणूस शोधून वेगळा केला की साखळी तुटायची. कोविडचा विषाणू त्याचाच चुलत भाऊ, म्हणून जगभर तोच उपाय आधी हातात घेतला गेला. पण कोविडचा रुग्ण ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच इतरांना रोग देत होता, आणि काहींना तर ताप आलाच नाही. बंदूक खरं बोलत होती. ९७.८, जा आत.

तरीही सार्स किंवा त्याच घराण्यातला मर्स भोगलेले देश इतरांच्या पुढे राहिले, हे सांगायलाच हवं. दक्षिण कोरियात २०१५ मध्ये मध्यपूर्वेतून परतलेल्या एका माणसामुळे मर्स पसरला, १८६ जणांना लागण झाली, ३८ गेले. तेव्हा कोणत्या हॉस्पिटलांत रुग्ण आहेत हे सुरुवातीला लोकांना सांगितलं नाही, त्यावरून संताप झाला. पुढे त्यांनी कायदा बदलला आणि साथीत नव्या तपासण्यांना झटपट परवानगी देण्याची सोय करून ठेवली. २०२० मध्ये ते काही आठवड्यांत हजारोंच्या तपासण्या करत होते. केरळमध्ये २०१८ ला निपाह हा जीवघेणा विषाणू आला, आणि त्यानंतर तो जेव्हा जेव्हा आला तेव्हा डॉक्टरांना लवकर शंका आली, संपर्कातल्यांच्या याद्या लवकर झाल्या. तिथली आठवण कामाच्या पद्धतीत उतरली होती. वहिनींच्या वाट्याला ती उरली फक्त मनात.

अनुभव मनात साठतो तसा शरीरातही साठतो, आणि तिथेही तो कधी तारतो, कधी घात करतो. १९१८ च्या फ्लूला आपल्याकडे मानमोडी म्हणत. त्या विषाणूचे वंशज १९५७ पर्यंत जगात फिरत होते. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला, पुण्यात हाहाकार उडाला, तेव्हा एरवी फ्लूने आधी जातात ती म्हातारी माणसं त्यामानाने बरीच वाचली आणि तरुण जास्त आजारी पडले. कारण लहानपणी त्या जुन्या घराण्यातला विषाणू ज्यांना भेटला होता त्यांच्या शरीराला नव्याची ओळख पटली.

डेंग्यूत नेमकं उलटं होऊ शकतं. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घ संरक्षण मिळतं. पण काही काळाने दुसऱ्या प्रकाराचा झाला तर पहिल्या वेळच्या अँटिबॉडी नव्या विषाणूला चिकटतात आणि त्याला निकामी मात्र करू शकत नाहीत. उलट त्यांना धरून विषाणू काही पेशींमध्ये सोपेपणाने शिरतो. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू गंभीर होण्याची शक्यता वाढते. "मला एकदा होऊन गेलाय, आता काय होतंय" हे वाक्य मी लॅबच्या खिडकीत शेकडो वेळा ऐकलं असेल. ते ऐकून प्रत्येक वेळी बाहेर येऊन त्या माणसाचा हात धरावासा वाटायचा.

गोवराबद्दल आणखी एक वाक्य ऐकू येतं: "आमच्या वेळी सगळ्यांनाच यायचा, आला आणि गेला." २०२२ च्या शेवटी गोवंडीत, भिवंडीत गोवराने मुलं दगावत होती तेव्हाही ते ऐकलं. लस टोचून घ्यायला काही घरं तयार नव्हती, शिवाय कोविडच्या काळात कितीतरी बाळांचे डोस राहून गेले होते. हे वाक्य बोलणारी आजी खोटं बोलत नाही. पण तिच्या बरोबरीची जी मुलं गोवरात गेली ती आज काही सांगायला बसलेली नाहीत. साथीची गोष्ट नेहमी वाचलेल्यांच्याच तोंडून ऐकू येते. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना रोग देऊ शकतो. शिवाय तो शरीराची जुनी ओळखपाळख पुसतो, म्हणजे आधी होऊन गेलेल्या आजारांविरुद्धच्या अँटिबॉडीच कमी होतात आणि मूल पुढे बराच काळ इतर जंतूंना बळी पडू शकतं. नवव्या महिन्याचा आणि सोळाव्या महिन्यानंतरचा, असे दोन डोस चुकवू नका. राहिले असतील तर आजच आरोग्य केंद्रात जाऊन विचारा.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकामागून एक दोन बातम्या आल्या. पहिली, चीनमध्ये 'नवा' विषाणू, एचएमपीव्ही. तासाभरात मास्क, काढा, किराणा भरून ठेवा, सगळं २०२० सारखं सुरू झालं. हा विषाणू २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला आहे आणि बहुतेक मुलांना पाच वर्षांच्या आत तो सर्दीसारखा होऊन जातो. दुसरी बातमी पुण्याची, सिंहगड रस्त्याच्या बाजूला गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण. हातापायांतली ताकद जाते हे वाचून लोक पुन्हा मास्कबद्दलच विचारू लागले. गियाँ-बारे माणसाकडून माणसाला होत नाही. पोटाच्या संसर्गानंतर काहींच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, तेव्हा तो होतो. तिथे दूषित पाण्याचा संशय होता. उकळलेलं पाणी आणि नीट शिजवलेलं चिकन, एवढं त्या आठवड्यात महत्त्वाचं होतं.

त्या दिवशी मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की कुठल्याही नव्या आजाराचं नाव ऐकलं की आधी विचारा, हा कशातून पसरतो: हवा, पाणी, डास की जनावर? मग विचारा, माणूस आजारी दिसायच्या आधीच तो पसरवतो का? आणि घरात कुणाला झालाच, तर धोक्याचा दिवस कोणता? कोविडमध्ये तो बहुधा दुसऱ्या आठवड्यात यायचा, डेंग्यूत तो ताप उतरल्यावर येतो. तापात नुसतं पॅरासिटामॉल घ्यावं, डेंग्यूची शंका असेल तर ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नये, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. यातलं काहीही डॉक्टरांना विचारायला लाजू नका. चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही.

वहिनींनी त्या दिवाळीआधी सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या. मनीप्लांट मातीच्या कुंडीत गेला. फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद आहे, त्यांच्या अक्षरात: "ताप गेल्यावर दोन दिवस. लघवी, पोट, हातपाय बघणे." ऑक्सिमीटर अजून ड्रॉवरमध्ये आहे. दर जूनला त्या त्याचे सेल बदलतात, स्वतःच्या बोटाला लावून आकडा बघतात आणि पुन्हा डबीत ठेवतात. भावाचा फोटो त्याच ड्रॉवरच्या वर आहे.